घुमटातला होकार

विजापूरला या वर्षी जायचं नाही, हे आबांना सांगायचं काम सगळ्यांनी मिळून शुभांगीच्या गळ्यात मारलं. मिळून म्हणजे एकत्र बसून नव्हे. तेवढी एकी या घरात उरली असती तर रडायचं कशाला? एकेक जण गुपचूप आला, आपलं रडगाणं गाऊन गेला आणि जाता जाता प्रत्येकानं बजावलं, "माझं नाव घेऊ नको."

पहिला नंबर नवऱ्याचा. भाताची झोडणी संपली त्या दुपारी इंद्रजित ओट्यावर पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत बसला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "ते घुमटाचं सात मजलं चढायचं ह्या वर्षी माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. तू आबांच्या कानावर घाल." आठच दिवसांपूर्वी हाच गुडघा घेऊन तो कुस्त्यांच्या मैदानात ट्रॅक्टरच्या टपावर चढून बसला होता. शुभांगीनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग सूसहून धाकट्या दिराचा, कौस्तुभचा फोन. "वहिनी, उदयपूरला मस्त डील मिळतंय. तेही हिस्टॉरिकलच आहे की. आबांना तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतात ते."

त्याच्या मागोमाग त्याच्या बायकोचा. "ताई, त्या लॉजच्या बाथरूमची कडी सहा वर्षं झाली, लागत नाही. मी आत असले की दाराबाहेर ओमला उभं करावं लागतं. आता तो बारा वर्षांचा झाला, त्याला लाज वाटते." अपेक्षाचं म्हणणं खरं होतं. कडीचा त्रास शुभांगीलाही होता, फक्त तिच्या दाराबाहेर उभं राहायला कुणी नसल्यामुळे ती गाणं म्हणत आंघोळ करायची.

शेवटी पोटची पोर. "मम्मी, माझ्या मैत्रिणीचं लग्न आहे एकवीस तारखेला. तू आबांना पटव ना गं, प्लीज," असं म्हणून गौतमीनं स्कूटीला किक मारली आणि उत्तर न ऐकताच पौड रस्त्याला लागली.

शुभांगी सगळ्यांना "बघते" म्हणाली. तिला हसावं की डोकं आपटावं ते कळेना, कारण या अख्ख्या घरात या वर्षी विजापूरला जायची खरी गरज एकाच माणसाला होती आणि ते माणूस म्हणजे ती स्वतः.

आता या सहलीवर चिडायचा सगळ्यात जास्त हक्क कुणाला असेल, तर तोही तिलाच होता. लग्न होऊन भुकूमला आली त्या वर्षापासून, म्हणजे चोवीस वर्षं, दरवर्षी भात घरात आलं की ढमाल्यांचं बिऱ्हाड विजापूरला निघायचं. गावाचं नाव सरकारनं बदललं, रस्ते चौपदरी झाले, पण आबांचं विजापूर जागचं हललं नाही. तेच लॉज, त्याच दोन खोल्या, स्टँडाजवळची तीच खानावळ. जायच्या आधी दोन दिवस शुभांगीनं दशम्या लाटायच्या, खर्डा वाटायचा, शेंगाची चटणी कुटायची. का, तर आबांना वाटेतलं हॉटेलचं चालत नाही. गाडीत पुढं कोण बसणार यावरून भूगाव यायच्या आत भांडण, उलटी कुणाला होणार यावरून पैज, आणि परत आल्यावर सगळ्यांचे कपडे धुवायला पुन्हा हीच.

आणि हे सगळं कशासाठी? तर तरणेपणी आबा, म्हणजे कुशाबा ढमाले, ट्रक चालवायचे आणि एका डिसेंबरात त्यांचा ट्रक विजापुरात बंद पडला. सुटा भाग यायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस हा माणूस त्या शहरात हिंडला, कमानी मोजल्या, तोफेवर बसला, आणि रोज सकाळी गोल घुमटात जाऊन वरच्या सज्जात भिंतीला कान लावून बसला. या टोकाला माणूस पुटपुटला तर पलीकडच्या टोकाला अख्खा ऐकू येतो, हे बघून कुशाबांच्या मनात भरलं की घराचा कारभार चालवावा तर असा.

तेव्हापासूनची ती रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार उघडलं की शाळांच्या सहली यायच्या आत वर चढायचं. आबा एका बाजूला भिंतीला कान लावून बसणार. बाकीच्यांनी वयाच्या क्रमानं एकेकानं समोरच्या बाजूला जायचं आणि जे वर्षभर घरात बोलता आलं नाही ते भिंतीत बोलायचं. तक्रार असो, मागणं असो. आबांनी हात वर केला म्हणजे होकार. हात खालीच राहिला म्हणजे नाही. खाली उतरल्यावर त्याचा ब्र काढायचा नाही, पुन्हा विचारायचं नाही आणि दुसऱ्यानं काय मागितलं तेही विचारायचं नाही. बाहेरच्या माणसाला ही थट्टा वाटेल. पण ढमाल्यांच्या घरातली लग्नं, विहिरी, भांडणं आणि समेट असं सगळं त्या घुमटात ठरलं होतं, आणि आबांचा हात वर गेलेल्या गोष्टीला पुढं कुणी नाट लावलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वीची ती सकाळ शुभांगी विसरू म्हणता विसरली नव्हती. त्याच वर्षी उन्हाळ्यात सासूबाई, गोजराबाई गेल्या होत्या. त्यामुळे एरवी आबांच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसणारी बाई त्या सकाळी तिथं नव्हती. इंद्रजित गेला, पुटपुटून आला, आबांचा हात वर. महिन्याभरात ओढ्याकडच्या भाताच्या खाचरात जेसीबी आला आणि भाड्याच्या दहा खोल्या उभ्या राहिल्या. कौस्तुभ गेला, हात वर. गुढीपाडव्याला तो बायको-पोरासकट सूसच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. या दोघांच्या मधे शुभांगीची पाळी होती.

लग्नाआधी ती नर्स होती. कोर्स केलेला, दोन वर्षं बाळंतपणं काढलेली. भूगावात एक डॉक्टरीणबाई नवीन प्रसूतिगृह काढत होत्या आणि त्यांनी तिला बोलावलं होतं. आदल्या रात्री न झोपता तिनं ते वाक्य घोकलं होतं. भिंतीला तोंड लावून ती म्हणाली, "आबा, मला दवाखान्यात कामाला जाऊ द्या. घरचं सगळं करून जाईन." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले आणि तिनं पदरानं पुसले. मग समोर बघितलं. आबा तिच्याचकडे बघत होते. हात मांडीवर होता. ती थांबली. घुमटातले पारवेसुद्धा फडफडून शांत झाले, हात मांडीवरच.

ती उठून आली. पुन्हा विचारायचं नाही, ही रीत. हट्टानं गेली असती तर कुणी दाव्याला बांधून ठेवलं नसतं, हे तिला माहीत होतं. पण सासूच्या माघारी या घराचा तोल तिनं धरला होता आणि आबांचा शब्द मोडणारी पहिली बाई व्हायचं तिच्या जिवावर आलं. तिनं डॉक्टरीणबाईंना नाही कळवलं. त्यानंतर दरवर्षी ती भिंतीला तोंड लावून "काही न्हाई, आबा" एवढंच म्हणायची, आणि गंमत म्हणजे त्याला आबा हात वर करायचे. त्या हाताचा तिला इतका संताप यायचा की खाली उतरताना पायऱ्या दिसायच्या नाहीत.

आता त्याच डॉक्टरीणबाईंचा पुन्हा निरोप आला होता. एक जानेवारीपासून या, पण पंचवीस तारखेच्या आत नक्की सांगा. शुभांगी सेहेचाळीस वर्षांची होती. तिसऱ्यांदा कोण बोलावणार?

म्हणून रविवारी सगळे भुकूमला जमले तेव्हा तिनं मनाशी ठरवलंच होतं की एकाचंही पाप पोटात घालायचं नाही.

सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून भारे बांधायला पेंढ्याचे वळ, म्हणजे दोर, वळत होते. इंद्रजित ओट्यावर, कौस्तुभ मोबाइलमध्ये, अपेक्षा सुपात इंद्रायणी तांदूळ घेऊन उगाच निवडल्यासारखं करत होती. गौतमी दाराच्या चौकटीला टेकून नखं रंगवत होती. शुभांगीनं चहाचे कप ठेवले आणि आबांच्या समोर जाऊन मोठ्यानं म्हणाली, "आबा, वीस तारखेला निघायचं ना?"

"व्हय तर!" आबा म्हणाले. "पहाटं निघू."

"मी दशम्यांचं पीठ दळून ठिवते. पण ह्यांचं काय ते तुमीच इचारा. ह्यातल्या एकालाबी यायचं न्हाई."



"मी कधी म्हटलं?" कौस्तुभनं मोबाइल खाली ठेवला.

"उदयपूर कोण म्हणत व्हतं, भावजी?"

"अहो, ते मी सहज सांगितलं. ऑप्शन म्हणून."

"आणि तुमचा गुडघा?" तिनं नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

"गुडघा दुखतोय म्हणलो," इंद्रजित म्हणाला, "येत न्हाई असं कुटं म्हणलो? तू बी ना शुभे, राईचा पर्वत करती."

"अपेक्षा?"

अपेक्षानं सूप जरा जोरात हलवलं. "मी फक्त कडीबद्दल बोलले होते, ताई."

गौतमीकडे बघायची सोय नव्हती, ती नखांवर फुंकर मारत घरात निघून गेली होती. शुभांगीनं कपाळाला हात लावला. असली माणसं! काल चार जण चार दिशांनी तिच्या मागं उभे होते, आणि आज मागं वळून बघावं तर सगळं मोकळं मैदान. आबा मात्र सगळ्यांकडे आळीपाळीनं बघून हसत होते. त्यांना हे भांडण गोड वाटत असावं असंच तिला वाटलं.

"खरं बोलायचं तर," अपेक्षा एकदम म्हणाली, "जाऊन उपयोग तरी काय आहे? आबांना तिथं काही ऐकू येणार आहे का?"

"म्हणजे?" कौस्तुभ म्हणाला.

"मागच्या रविवारी मी त्यांना आमच्या सोसायटीतल्या कानाच्या शिबिराला नेलं होतं ना. तुला सांगणार होते, पण तू कॉलवर होतास. उजवा कान पूर्ण गेलाय. डावा थोडासा आहे. जवळून, मोठ्यानं बोललं तर ऐकू येतं, तेही तोंडाकडे बघून. डॉक्टर म्हणाले, हे आत्ताचं नाही. निदान दहा-बारा वर्षांपूर्वीचं आहे."

"छ्या!" इंद्रजित हसला. "घरात ऐकत नसतील. आबा ऐकून न ऐकल्यासारखं करत्यात, ते समद्या गावाला म्हाईत हाय. पण घुमटाचं येगळं असतं. तिथं भिंत बोलती."

"दादा, भिंत कितीही बोलली तरी कान नको का?" अपेक्षा म्हणाली. "डॉक्टरांनी त्यांच्या कानाशी कुजबुजून बघितलं. त्यांना कळलंही नाही."

इंद्रजितचं हसू मावळलं. तो उठला, आबांच्या समोर उकिडवा बसला, गुडघ्याची आठवण न ठेवता, आणि ओरडला, "आबा! घुमटात तुमाला आमचं ऐकू येतं का न्हाई?"

आबांनी हातातला वळ खाली ठेवला. मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं. पकडला गेल्यावर चोरालाही जरा हुश्श वाटतं, तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर आलं.

"न्हाई," ते म्हणाले.

"कदीपास्नं?"

"लई वरीस झाली. गोजरा व्हती तवर काय अडलं न्हाई. ती शेजारी बसायची. ती ऐकायची आन् माझ्या मांडीला चिमटा काढायची. एक चिमटा व्हय. दोन चिमटं न्हाई." ते स्वतःशीच हसले. "कारभार तिचाच व्हता. हात तेवढा माझा."

"आणि आई गेल्यावर?" कौस्तुभनं विचारलं. पण ते त्यानं नेहमीच्या आवाजात विचारलं, त्यामुळे शुभांगीला ते पुन्हा ओरडून सांगावं लागलं. या घरात निरोप पोचवायचं काम कधी सुटणार होतं कुणास ठाऊक.

"ती गेल्यावर काय? माणूस सात मजलं चढून भिंतीला तोंड लावतंय, म्हणजी त्याला ते पायजेच असनार. मग न्हाई कशाला म्हणू? करायचा हात वर."

इंद्रजित तसाच उकिडवा राहिला. "आबा, मी खाचरात खोल्या बांधू का म्हणून इचारलं व्हतं."

"ते जेसीबी आल्यावर कळलं मला."

जेसीबी आला त्या दिवशी आबा ओढ्याच्या बांधावर जाऊन बसले होते. दोन दिवस जेवले नाहीत. घरात सगळ्यांना वाटलं, होकार दिला तरी जमिनीची माया सुटत नाही म्हाताऱ्याची. आणि कौस्तुभ निघाला त्या दिवशी टेम्पोत कपाट चढत असताना आबांनी विचारलं होतं, "हे कुटं चाललंय?" कौस्तुभला वाटलं होतं, टोमणा मारतात. त्यानं उत्तरच दिलं नव्हतं. आता त्याला ते आठवलं असावं, कारण तो एकदम चष्मा पुसायला लागला.

"मग तेव्हा का नाही बोललात?" तो ओरडला. "मी थांबलो असतो ना!"

"तू थांबला असतास?" इंद्रजित उसळला. "तू फ्लॅट आधीच बुक करून आला व्हतास. मला बिल्डरच्या माणसानं सांगितलं व्हतं."

"आणि तू खड्ड्यांची आखणी करून आला होतास! चुन्याची फक्की टाकलेली मी बघितली होती शेतात!"

"व्हय, पण मी हितंच ऱ्हायलो! पळून न्हाई गेलो!"

"ए, गप बसा," आबा म्हणाले. त्यांना शब्द ऐकू आले नसतील, पण मुलांची तोंडं वाचता येत होती. "हात वर केल्यावर मागं घेता येतो व्हय? मीच केला व्हता. मग कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?"

"पर ऐकू येत न्हाई एवढं तरी सांगायचं, आबा," इंद्रजितचा आवाज खाली आला आणि मग आठवण होऊन त्यानं तो पुन्हा चढवला.

"सांगितलं असतं तर आला असता का तुमी विजापूरला?" आबांनी विचारलं. "ऐकायला कुनी न्हाई म्हणल्यावर जिनं कोन चढतंय? वर्षातनं एकदा तुमी समदी माझ्याकडं तोंड करून बसता. तुमची तोंडं हालतात ती बघतो मी. मला तेवढं बास व्हतं."

झालं. एवढं म्हाताऱ्यानं बोलायचा अवकाश, अंगणातली हवाच पालटली. अपेक्षाच्या डोळ्यांना धारा लागल्या. कौस्तुभ उठून आबांच्या पायाशी जाऊन बसला. गौतमी ओली नखं हवेत धरून दारात आली आणि "आबा, मी लग्न कॅन्सल करते, मैत्रिणीचं," असं काहीतरी बरळली. इंद्रजितनं नाक शिंकरलं आणि जाहीर केलं, "ते काय न्हाई. विजापूरला जायचंच. गुडघा तुटला तरी मी चढनार."

"आपण आबांना मशीन घेऊन देऊ कानाचं," कौस्तुभ म्हणाला. "त्याच्या आधी बुकिंग करतो. लॉजवाल्याला मी सांगतो कडीचं."

"ताई, या वेळी दशम्या जरा जास्त करा," अपेक्षा डोळे पुसत म्हणाली. "ओमला फार आवडतात. आणि खर्डा कमी तिखट करा, आबांना आता सोसत नाही."

शुभांगी रिकामे कप गोळा करत होती. ते तिनं ट्रेमध्ये ठेवले, ट्रे ओट्यावर ठेवला. तिला रडू आलं नव्हतं. सगळ्यांना आलं होतं, तिला आलं नव्हतं, आणि त्याचं तिला जरा नवलही वाटलं.  हात वर, हात वर, सगळ्यांना हात वर. न ऐकता हात वर. अगदी "काही न्हाई" म्हटलं तरी हात वर.

"सरका जरा, भावजी," ती म्हणाली आणि कौस्तुभच्या जागी आबांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. तोंड त्यांच्या समोर आणलं. नऊ वर्षं जी गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती, ती आता भाडेकरूंच्या दहाही खोल्यांना ऐकू जाईल अशी ओरडून विचारायची होती. मग जाऊ दे ऐकू.

"आबा! सासूबाई गेल्या त्या वर्षी मी बी घुमटात बोलले व्हते. ह्यांना हात वर केला. भावजींना केला. मला का न्हाई केला?"

आबांचं हसू गेलं. त्यांनी खाली पडलेला वळ उचलला आणि बोटांनी उसवायला लागले.

"आबा, मी बोलतीय."

"ऐकलं," ते म्हणाले.

"मग सांगा."

"तू रडत व्हतीस," आबा म्हणाले. "तुझं काय ते कळलं न्हाई. पण तू पदर डोळ्याला लावलास ते दिसलं मला. गोजरा नुकती गेलेली. मला वाटलं, ही म्हणती, मी चालले. हिला येगळं व्हायचं आसंल न्हाईतर म्हायेरी जायचं आसंल. पोरं गेली तरी चालतंय. पर तू गेलीस तर घरात काय ऱ्हातंय?" त्यांनी वर बघितलं नाही. "म्हणून हात खालीच ठिवला."

"म्हणजी ऐकलं न्हाई, आन् तरी न्हाई म्हणलात."

"व्हय."

"मी काय मागितलं व्हतं ते तुमाला आजपतुर म्हाईत न्हाई."

"न्हाई."

इंद्रजित पुढं आला. "शुभे, काय मागितलं व्हतंस तू?"

"तुमी मधी बोलू नका," ती म्हणाली.  म्हाताऱ्याची कीव यावी असं त्याचं तोंड झालं होतं, आणि तिला कीव येत होती, नाही असं नाही. पण कीव येते म्हणून राग जातो असं कुणी सांगितलं? नऊ वर्षं तिला वाटत होतं की आबांनी तिचं ऐकलं, तोललं आणि तिच्यात काहीतरी कमी दिसलं म्हणून नाही म्हटलं. ते काय कमी आहे, हे ती घरभर शोधत राहिली होती. भाकरीत, बोलण्यात, पोरीच्या वळणात. आणि इथं कमी काहीच नव्हतं. ती कामाची होती, एवढाच तिचा गुन्हा होता.

"आता बोल," आबा म्हणाले. "काय पायजे ते बोल, पोरी." आणि ती तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. उजवा, पूर्ण, कोपर सरळ करून, अंगणात सगळ्यांसमोर.

शुभांगीनं तो हात मनगटाला धरून खाली आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मग त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "एक तारखेपास्नं मी भूगावला दवाखान्यात कामाला जाणार हाय. नर्स म्हणून. सकाळी आठ ते चार."

 "अहो ताई, पण दशम्या..." अपेक्षा म्हणाली, आणि कौस्तुभनं तिला डोळ्यानं गप्प केलं.

आबांनी मान हलवली. एकदा हलवली, मग दोनदा. घुमटात हात, तशी घरात ही मान, तिच्याच भरवशावर अख्खं घर चालत आलेलं. शुभांगीचा आता तिच्यावर काडीचा विश्वास उरला नव्हता.

"नुसती मान हालवू नका, आबा," ती ओरडली. "मी काय म्हणले ते मला म्हणून दावा."

आबांनी तिच्या ओठांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे.

"एक तारखेपास्नं तू भूगावला दवाखान्यात जानार. नर्स म्हणून. आठ ते चार." ते थांबले. वळ त्यांच्या हातात पुरता सुटा झाला होता, त्यातला पेंढा त्यांनी जमिनीवर सोडून दिला. "आन् आता ह्या घरात कुनाला इचारनार न्हाईस."

हे शेवटचं शुभांगी म्हणाली नव्हती.